कोणाच्या नावे टाकायचं? भाऊचा धक्का ते सावंतवाडी, सहा दिवस

जानेवारीच्या शेवटी सावंतवाडीला मामेबहिणीच्या मुलीचं लग्न होतं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पत्रिका आली आणि पाठोपाठ कोण कसं येणार याची जाहीर घोषणा सुरू झाली. धाकट्या मामेभावाने गोव्यातल्या मोप्याच्या विमानाचं तिकीट टाकलं. भावोजी नेहमीप्रमाणे डिझेलची सात सीटची गाडी काढणार होते. ठाण्याचा दादा विजेवरची गाडी घेतल्यापासून दूध आणायला गेला तरी फोटो टाकतो, त्यामुळे त्याचं विचारायलाच नको. माझी भाची चिऊ पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते. तिने ग्रुपवर विचारलं, "माणशी किती कार्बन झाला ते लिहायचं का प्रत्येकाने?" मामेभावाचं उत्तर मिनिटभरात आलं : "विमान उडणारच आहे. मी बसलो काय, न बसलो काय."

मी पतपेढीत सव्वीस वर्षं हिशोब लिहिते. "रक्कम तर पडूनच होती, मी वापरली काय न वापरली काय" हे वाक्य मी तिथे पुष्कळदा ऐकलेलं आहे. चिऊला फोन केला आणि म्हटलं, आपण दोघी जाऊ, चार दिवस आधी निघू, किनाऱ्याकिनाऱ्याने जाऊ. आकडे तू सांग, वही मी लिहिते.

वहीच्या पहिल्या पानावर चिऊने भाव लिहून दिले. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड. पेट्रोलचं २.३. विमानाचं इंधन किलोवर मोजतात, एका किलोला ३.१६. विजेचं एक युनिट म्हणजे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या अलीकडच्या आकड्यांनुसार ०.७२ किलोच्या आसपास, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशाची. तेल काढायला, शुद्ध करायला, गाडी बनवायला लागलेलं वेगळं. ते आम्ही धरलं नाही. कुठेतरी रेघ ओढावी लागतेच.

पहिला दिवस : भाऊचा धक्का, मुरूड, श्रीवर्धन

पहाटेच्या लोकलपासूनच वही उघडायची असं ठरलं होतं. पण माणशी आकडा काढायचा तर माणसं मोजता यायला हवीत, आणि मला माझा डावा हात कुठे आहे तेही दिसत नव्हतं. लोकल शून्य धरली.

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो बोट २०२० पासून सुरू आहे. खालच्या मजल्यावर गाड्या, वर आपण. तासाभराचा प्रवास, समुद्र इस्त्री केल्यासारखा, आणि सकाळच्या धुक्यात बंदरातल्या क्रेन जिराफांसारख्या दिसत होत्या. मी चहा घेऊन कठड्याशी उभी राहिले. चिऊ मात्र खाली जाऊन गाड्या मोजून आली.

"मावशी, ही बोट नक्की कोणासाठी चालते? तुझ्यासाठी की खालच्या गाड्यांसाठी?"

प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही. ब्रिटिश सरकार दरवर्षी प्रवासाच्या कार्बनचे तक्ते छापतं. त्यात मोठ्या फेरीबोटीवरच्या पायी प्रवाशाला किलोमीटरमागे १९ ग्रॅम लावलेत आणि गाडी घेऊन चढलेल्याला १३० ग्रॅमच्या आसपास. बोट तीच, पाणी तेच, डिझेल तेच. फक्त बोजा ज्याने आणला त्याच्या नावे टाकला. मला हे एकदम पटलं. आमच्याकडे याला खर्चाची वाटणी म्हणतात, आणि भागीदारांची भांडणं नेमकी तिथेच होतात.

मांडव्याहून अलिबाग, तिथून मुरूडची लालपरी. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. गाडीत निम्म्याहून जास्त बायका, मांडीवर पोरं, पायाशी वालाच्या शेंगांच्या पिशव्या. पोपटीचा मोसम होता. चौलजवळ चढलेल्या एका मावशींनी भांबुर्डीच्या पाल्याची जुडी माझ्या नाकाशी धरून वास घ्यायला लावला. "हा पाला नसेल तर पोपटी नाय, नुसत्या उकडलेल्या शेंगा." त्यांची लेक रेवदंड्याला दिलेली. पूर्वी महिन्यातून एकदा जायच्या, आता आठवड्याला जातात. जावयाला ही सवलत फारशी आवडलेली नाही, असंही त्यांनी हसत सांगितलं.

ड्रायव्हरना विचारलं तर लिटरला साडेचार-पाच किलोमीटर पडतं म्हणाले. म्हणजे किलोमीटरमागे साधारण सहाशे ग्रॅम कार्बन. आम्ही एकावन्न जण होतो, सात उभे. माणशी बारा ग्रॅमही नाही! हीच बस नुसत्या दहा माणसांनी गेली असती तर साठ ग्रॅम. म्हणजे बस स्वच्छ की घाण हे इंजिनाइतकंच त्या चौलच्या मावशींवर अवलंबून आहे.

मुरूडहून आगरदांड्याला रिक्षा केली. रिक्षावाल्याने आधीच सांगितलं, "जाऊन-येऊन भाडं पडेल ताई, तिकडून रिकामी यावी लागते." मी घासाघीस करायला तोंड उघडणार, तेवढ्यात चिऊने माझा दंड दाबला. तिला वहीसाठी हवा असलेला नियम त्या माणसाने आयता दिला होता : जी गाडी आपल्यामुळे रिकामी परत जाते, तिची परतीची वाटही आपल्या नावे. पुढे सगळ्या प्रवासात आम्ही हा नियम पाळला. सावंतवाडीत तो एकाला बराच महाग पडला.

आगरदांडा ते दिघी ही छोटी जेटी, म्हणजे गाड्याही नेणारी फेरीबोट. वरच्या खोपटात बसलेल्या तांडेलाने अंदाजाने सांगितलं की एका खेपेला सहाएक लिटर डिझेल जातं. सोळा किलो कार्बन. बोटीवर नऊ गाड्या, चौदा मोटारसायकली, साठ माणसं. डोकी मोजून वाटलं तर माणशी २७० ग्रॅम. वजनावर वाटलं तर एकूण सोळा टन भरतं, टनाला एक किलो. पिशवीसकट साठ किलोची मी, माझ्या वाट्याला साठ ग्रॅम. मी अर्थातच वजनावर वाटणी धरली. चिऊ म्हणाली, "सगळे स्वतःला सोयीचीच पद्धत धरतात." खरं आहे, ताळेबंद शिकवताना पहिल्या दिवशी हेच सांगायला हवं.

श्रीवर्धनला अंधार पडता पोचलो. ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंची मागच्या अंगणात सुपारीची वाडी. श्रीवर्धनची रोठा सुपारी नावाजलेली. पण वाडीत शिरताच वर चक्क आभाळ दिसलं. सुपारीच्या वाडीत असं दिसायचं नाही. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. "दुपारपर्यंत उभी होती, संध्याकाळी मोजायला काही राहिलं नव्हतं," काकू म्हणाल्या. सुपारी लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. नव्या झाडांना आता कुठे शिपुट दिसायला लागलंय. आमची वही बघून त्यांनी विचारलं की यात तुम्ही काय लिहिता. चिऊने सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं, आधी जेवून घ्या, कुळथाचं पिठलं निवलं तर चव जाते." तांदळाची भाकरी, पिठलं, लसणाची चटणी आणि ओल्या नारळाचं सारण भरलेल्या दोन करंज्या.

*जाणाऱ्यांसाठी :* छोट्या जेट्यांवर सुटे पैसे लागतात. दिघीहून श्रीवर्धनची शेवटची एसटी कधी, हे मुरूडच्या स्टँडवरच विचारून घ्या. दिघीला विचारून उपयोग नाही, कारण तोवर ती गेलेली असते.

दुसरा दिवस : बागमांडला, वेश्वी, हर्णै

हरिहरेश्वराची प्रदक्षिणा ओहोटी असल्यामुळे समुद्राच्या बाजूने पुरी करता आली. पुढे बागमांडल्याहून सावित्री ओलांडून वेश्वी. इथवर सगळं वेळेत. वेश्वीला धक्क्याजवळ एक बाई घावणे करत होत्या, बिडाचा तवा, चुलीवर. मी एक घेतला, मग एक चिऊने, मग पुन्हा मी. आमची बस आमच्या डोळ्यांदेखत निघून गेली. दोष फक्त घावण्यांचा.

पुढची गाडी दोन तासांनी होती. तेवढ्यात हर्णैला बर्फ घेऊन जाणारा एक पिकअप टेम्पो थांबला. ड्रायव्हर पोरगा तिशीतला, पुढे दोघींना जागा केली. मागे बर्फाच्या लाद्या, वर भाताचा तूस आणि गोणपाट. वाटेत केळशीची खाडी, आंजर्ल्याचा उतार, आणि दर वळणावर मागून बर्फ सरकल्याचा आवाज. तो सांगत होता की मासळी भरपूर असली की बर्फाला सोन्याचा भाव, आणि बोटी रिकाम्या आल्या की बर्फ रस्त्यावर ओतून घरी जायचं. हा शब्द त्याने अगदी सहज वापरला, "ओतून".

हर्णैला उतरल्यावर त्याने पैसे घेतले नाहीत. आणि बंदराच्या वाळूत उभ्याउभ्या आमचं भांडण झालं.

मी वहीत शून्य लिहिलं. टेम्पो जाणारच होता.

"अगं मावशी, मग मामाचं विमान काय वेगळं? तेही जाणारच होतं!"

मला पाच मिनिटं उत्तर सुचलं नाही. पुढ्यात लिलाव चालला होता. सुरमईच्या राशी, पापलेटांचे वाटे, बोटांच्या खुणा, ओरडा. कोळणींचे आकडे आमच्या आकड्यांपेक्षा दसपट वेगाने फिरत होते. एका राशीला गिऱ्हाईकच मिळेना, तेव्हा ती विकणारी बाई कुणालाच उद्देशून नाही अशी म्हणाली, "उद्या कमी आणवतो." तिथे मला सुचलं.

टेम्पोवाल्याला आम्ही भेटलो नसतो तरी तो गेला असता, आणि आम्ही भेटलो म्हणून उद्या तो दुसरा टेम्पो काढणार नाही. तो बर्फासाठी जातो. विमान मात्र माणसांसाठीच जातं. जागा भरल्या की पुढच्या मोसमात तीच कंपनी आणखी एक फेरी लावते. नाही भरल्या तर काढते. आजच्या उड्डाणात माझं इंधन चमचाभरच वाढलं हे खरं, पण फेरी ठरते ती माझ्यासारख्या दीडशे जणांच्या तिकिटांवर. त्याने आमच्याकडून पन्नास-पन्नास रुपये घेतले असते आणि रोज घेत असता, तर तो बर्फाचा टेम्पो राहिला नसता, वडाप झाला असता, आणि मग आमच्याही नावे पडलं असतं. चिऊला हे सत्तर टक्के पटलं. उरलेल्या तीस टक्क्यांवर आम्ही अख्खी सुरमई तळून खाल्ली.

तिसरा दिवस : दाभोळ, धोपावे, चिपळूण

हर्णै-दापोली-दाभोळ. दाभोळच्या धक्क्यावर उतरलं की खाडीपलीकडे धोपावे दिसतं, अगदी हाकेच्या अंतरावर. इथली फेरीबोट २००३ मध्ये सुरू झाली. त्याआधी गाडी घेऊन पलीकडे जायचं तर खेड-चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा. अशा ठिकाणी बोटीच्या डिझेलचा हिशोब वेगळा मांडावा लागतो : गाडी घेऊन चढलेला माणूस किलोभर कार्बन खर्चतो, पण रस्त्याने गेला असता तर वीस किलो झाला असता. ही नोंद आम्ही जमेच्या बाजूला लिहिली. वहीतली ती एकच.

बोट मध्यावर आली तशा दक्षिणेकडे टेकडीआड चिमण्या दिसायला लागल्या. शेजारी वेलदूरचे एक आजोबा बसले होते. त्यांनी हनुवटीनेच तिकडे खूण केली : "एन्रॉन." कंपनी २००१ मध्ये दिवाळखोरीत गेली, त्यानंतर प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवरकडे आला, पण इथे अजून सगळे एन्रॉनच म्हणतात. १९६७ मेगावॉटचा गॅसवरचा प्रकल्प. त्यावरून मोर्चे झाले, सरकारं बदलली, करार मोडले. आजोबा बांधकामाच्या वेळी तिथे हजेरीवर होते. "एवढी वीज होणार म्हणायचे, आणि आमच्या वाडीत संध्याकाळी दिवे जायचे."

चिऊला माहीत असलेली गोष्ट मला नवी होती. रेल्वेने मध्यंतरी काही वर्षं इथली वीज विकत घेतली होती. गॅसवरच्या युनिटचा कार्बन कोळशाच्या निम्म्याच्या आसपास असतो. म्हणजे विजेवरची गाडी कितपत स्वच्छ, हे तिच्या इंजिनाकडे बघून कळत नाही. तारेचं दुसरं टोक कुठल्या चिमणीखाली आहे ते बघावं लागतं. दादाच्या गाडीबद्दल मी तेव्हाच वहीत एक खूण करून ठेवली.

धोपाव्याहून शृंगारतळी आणि पुढे चिपळूणपर्यंत एसटी अर्धी रिकामी, माणशी पंचवीस ग्रॅमच्या वर. चिपळूणला स्टँडजवळ खोली घेतली, गरम पाण्याने अंघोळ केली आणि नऊ वाजता झोपलो. लिहिण्यासारखं काही नाही.

चौथा दिवस : मांडवी एक्सप्रेस

कोकण रेल्वेत पाऊल ठेवलं की मी माहेरी गेल्यासारखी होते. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला, तेव्हा माझे वडील केवळ बोगदे बघायला म्हणून मुंबईहून मडगावला जाऊन आले होते. उतरले, चहा प्यायले, परत फिरले. तेव्हा डिझेल इंजिनाच्या धुराने बोगद्यात खिडक्या लावून घ्यायला लागायच्या. आता २०२२ पासून रोह्यापासून ठोकूरपर्यंत सगळा मार्ग विजेवर आहे. साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा या वेळी मी खिडकी उघडी ठेवून पार केला. ओल्या दगडाचा गार वास आला, बाकी काही नाही.

मांडवीचं खाणं प्रसिद्ध आहे ते उगाच नाही. कटलेट, मग वडा, मग सूप, मग आणखी काहीतरी. विक्रेते इतक्या ओळीने येतात की वाचायला घेतलेलं पुस्तक उघडलंच नाही. समोर कणकवलीचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी वहीत डोकावून पाहिलं आणि चक्क चूक काढली.

आम्ही मुंबई-सावंतवाडीचा थेट गाडीचा आकडाही तुलनेसाठी काढला होता, तिकिटावरच्या अंतराने. गुरुजी म्हणाले, "हे अंतर खोटं आहे." कोकण रेल्वे बांधायचा खर्च वसूल व्हावा म्हणून या मार्गावर भाड्यासाठी अंतर चाळीस टक्के वाढवून धरतात. मुंबई-मडगाव तिकिटावर ७६५ किलोमीटर असतं; रूळ मोजले तर ५८० च्या आसपास. भाड्याचं अंतर वेगळं, गाडी धावते ते वेगळं. मी सव्वीस वर्षं हिशोब लिहिते आणि हे मला माहीत नव्हतं! खोडरबर काढून आकडे दुरुस्त केले. थेट आलो असतो तर ५०० किलोमीटर.

रेल्वेचा माणशी दर आम्ही किलोमीटरमागे दहा ग्रॅम धरला होता. चिऊच्या वहीत भारतासाठी २०१५ मध्ये तयार केलेल्या दरांमध्ये रेल्वे आठ ग्रॅम, बस पंधरा आणि देशांतर्गत विमान १२० च्या आसपास आहे. पण गुरुजींनी इथेही काडी टाकली. "दहा ग्रॅम कोणाचे? पहिल्या वर्गाच्या एसी डब्यात चोवीस माणसं, थ्री टायर एसीत बहात्तर, स्लीपरमध्ये ऐंशी. डबा ओढायला लागतं तेवढंच लागतं. आणि जनरलमध्ये बघून या." मी बघून आले. म्हणजे दारापर्यंत जाऊन आले, आत जाता येत नव्हतं. गाडीतला सर्वात कमी कार्बन तिथे होता, एका पायावर उभा. त्याबद्दल कुणी त्यांचा सत्कार करणार नाही.

एका लहान स्टेशनात आमची गाडी क्रॉसिंगला थांबली आणि समोरून ट्रकच ट्रक गेले. रुळांवरून. सपाट वाघिणींवर लादलेले, ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्ये पाय वर करून झोपलेले. कोकण रेल्वेची रो-रो, १९९९ पासून कोलाड ते वेर्णा चालते. ट्रकचं डिझेल वाचतं, टायर वाचतात, ड्रायव्हरची झोप होते. चिऊ उठून टाळ्या वाजवायला लागली, तेव्हा डब्यातल्या एका लहान मुलाने तिला साथ दिली.

*जाणाऱ्यांसाठी :* सावंतवाडी रोड स्टेशन गावापासून आठेक किलोमीटरवर आहे. रिक्षात तिघं-चौघं मिळून बसा. तिथे सगळे गावातच जाणारे असतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्या हळू चालतात, तेव्हा जोडगाडीचा भरवसा धरू नका.

पाचवा दिवस : लग्न

लग्न छान झालं. सोलकढी दोनदा घेतली, खाजं पिशवीत बांधून घेतलं. पण वाचणाऱ्यांना हवा आहे तो हिशोब.

भावोजी : डोंबिवली-सावंतवाडी ५०० किलोमीटर, छत्तीस लिटर डिझेल, ९७ किलो. ते भडकले. "छत्तीस लिटर म्हणजे तीस किलोचं तेल. त्यातून सत्त्याण्णव किलो धूर कसा निघेल? हिशोब शिकवू नकोस." चिऊने बापाला समजावलं की तेलातला कार्बन हवेतला ऑक्सिजन घेऊन बाहेर पडतो, वजन वाढतं ते हवेचं. गाडीत भावोजी, ताई, आई आणि मामा-मामी असे पाच, म्हणजे माणशी १९. भावोजी शांत झाले.

दादा : विजेची गाडी, चार्जिंगची गळती धरून पंच्याऐंशी युनिटं, ६१ किलो. डिझेलपेक्षा पुष्कळ कमी. पण वहिनींना सुट्टी मिळाली नव्हती, दादा एकटाच आला होता. ६१ भागिले एक. त्याने तो आकडा तीनदा वाचला.

कारण मामेभावाच्या विमानातल्या जागेचा आकडा पन्नासच्या आसपास होता! मुंबई-मोपा आकाशातून जेमतेम चारशे किलोमीटर. एकटा चालवलेली विजेची गाडी आणि भरलेलं विमान, दोघं एकाच ओळीत आले. मामेभाऊ उड्या मारायला लागला. मग मी मुरूडच्या रिक्षावाल्याचा नियम काढला. डोंबिवलीहून विमानतळापर्यंत एकट्याने टॅक्सी, मोप्याहून सावंतवाडीपर्यंत एकट्याने टॅक्सी आणि ती रिकामी परत. पासष्टवर गेला. शिवाय उंचावर विमानामागे जे पांढरे पट्टे उमटतात, तेही उष्णता अडवतात. जगभरच्या विमानांमुळे होणाऱ्या तापमानवाढीत कार्बनपेक्षा अशा इतर परिणामांचा वाटा मोठा, असं अभ्यासक सांगतात. ते कोणाच्या नावे किती, हे वहीत बसवता येईना, म्हणून समासात लिहिलं.

आम्ही दोघी : माणशी दहा किलो. थेट रेल्वेने आलो असतो तर पाच. चार दिवस होड्या आणि एसट्या बदलत, स्वतःला शहाण्या समजत आलो, आणि दुप्पट कार्बन सोडला. कोणीही काही बोलायच्या आत मीच ते मोठ्याने वाचून टाकलं.

सगळ्यात कमी निघाली ती नवऱ्याकडची मंडळी. देवगडहून प्रासंगिक करारावर एसटी केलेली, अठ्ठेचाळीस माणसं, शिवाय आंब्याच्या डहाळ्या आणि एक ढोलकी. येताना भरलेली, जाताना भरलेली, मधे मंडपाबाहेर उभी. माणशी सव्वा किलो. त्यांच्यातल्या कुणालाच याचं कौतुक नव्हतं; गाडीत पंखा नव्हता एवढीच तक्रार.

आणि मग आतेबहीण. न्यू जर्सीहून आली होती, आठ वर्षांनी. चिऊने सवयीने पेन्सिल उचलली. साडेबारा हजार किलोमीटर, एका बाजूचे आठशे किलोच्या आसपास. आमचं मुंबईचं सगळं कुटुंब, विमान, दोन्ही गाड्या आणि आम्ही दोघी, एकत्र केलं तरी अडीचशेच्या आत. तिची एकटीची एक बाजू त्याच्या तिप्पट. चिऊने माझ्याकडे पाहिलं. आतेबहीण माझ्या आईच्या पायाशी बसून तिच्या हातावरच्या मेंदीचा रंग बघत होती; दोघी एकमेकींना कुठली तरी जुनी गोष्ट सांगत होत्या आणि दोघींना तिचा शेवट आठवत नव्हता. ती ओळ वहीत आहे. जाहीर वाचनात ती आम्ही घेतली नाही.

सहावा दिवस : परत

रेल्वेची परतीची तिकिटं वेटिंगवरच राहिली होती. भावोजी म्हणाले, "मागे दोन सीट रिकाम्या आहेत, चला." चिऊ माझ्या कानाशी आली. "गाडी जाणारच आहे, मावशी." सातांत वाटल्यावर माणशी चौदा. बॅगा टपावर बांधल्या, फणसाची एक करंडी मामींच्या पायाशी गेली आणि निघालो.

संगमेश्वरपर्यंत मजेत. पुढे महामार्गाचं काम, वळणरस्ते, पुन्हा काम. भावोजींच्या गाडीत पुढे एक लहान पडदा आहे, त्यावर लिटरला किती पडतं ते दिसतं. सकाळी १४.२ होतं. माणगाव सोडताना १२.९. चिऊ दर अर्ध्या तासाने आकडा मोठ्याने वाचत होती आणि भावोजी दर अर्ध्या तासाने गाणं मोठं करत होते.

कोलाडच्या अलीकडे गाड्या पूर्ण थांबल्या. पुढे ट्रक, मागे ट्रक, ऊन. ए.सी. चालू, इंजीन चालू. दहा मिनिटांनी डावीकडच्या झाडीमागून गाडीची शिट्टी ऐकू आली आणि ट्रकांची रांग रुळांवरून सरकत दक्षिणेकडे गेली, एकामागोमाग एक, सावकाश. एका केबिनच्या खिडकीत ड्रायव्हर दाढी करत होता. भावोजी ती शेवटच्या ट्रकपर्यंत बघत राहिले. मग त्यांनी काच खाली केली आणि इंजीन बंद केलं.